आक्काच्या वतीनं

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण म्हणजे काय ते शिक्षकांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही. सकाळी सही, मग चहा, मग कुणीतरी पाहुणे येतात आणि आपल्याला पंचवीस वर्षांपासून माहीत असलेलं पडद्यावर दाखवतात. मी शेवटच्या रांगेत बसून नव्या वर्षाचं वेळापत्रक आखत होते. तास कुणाला किती, यावरून दरवर्षी भांडणं होतात, आणि ती मिटवायला मुख्याध्यापक मला पुढं करतात. माझी जीभ तिखट आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशीचे पाहुणे मात्र बरे होते. विषय होता मुलांची बुद्धी. बोलता बोलता ते म्हणाले, लहानपणी बुद्धीच्या चाचणीत ज्या मुलांना चांगले गुण मिळतात, ती मोठेपणी कमी आजारी पडतात आणि जास्त वर्षं जगतात. परदेशांत शाळकरी मुलांच्या चाचण्या घेऊन पुढं त्यांच्या म्हातारपणापर्यंत माग ठेवून हे पाहिलेलं आहे. सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. प्रत्येक शिक्षक स्वतःला हुशार मुलांतच धरतो. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "चला, म्हणजे आपण नव्वदी गाठणार."

माझ्या आक्काला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. ती चोपन्न वर्षांची होती, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आणि ती ढ होती. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणायचे. पण खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचे.

मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, मग जी मुलं ढ असतात, ती लवकर मरतात ती नेमकी कशानं?"

आवाज जरा चढलाच असावा, कारण पुढच्या रांगांतले लोक वळून बघायला लागले. पाहुणे भले गृहस्थ होते, चिडले नाहीत. त्यांनी कारणं सांगितली. हुशार मुलं जास्त शिकतात, त्यांना बरी नोकरी मिळते, बऱ्या वस्तीत घर मिळतं. तंबाखू-विडीच्या नादी लागण्याचं प्रमाण कमी. औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते समजतं, डॉक्टर काय म्हणतात ते समजतं. कदाचित शरीरच मुळात धडधाकट असतं आणि त्याचाच एक भाग म्हणून डोकंही चालतं. "आणि मॅडम," ते म्हणाले, "हा सरासरीचा हिशोब आहे. एकेकट्या माणसाला तो लावू नये."

बरोबर आहे. मी स्वतः विज्ञान शिकवते, सरासरी म्हणजे काय हे मला कळतं. मी "धन्यवाद सर" म्हणून खाली बसले. त्यांनी सांगितलेलं एकही कारण मला खोटं वाटलं नाही. पण आक्का ज्या कारणानं गेली, ते त्यांच्या यादीत नव्हतं. ते कारण म्हणजे मी.

आम्ही मूळचे वेरूळचे. आबा लेण्यांवर चौकीदार होते. चकचकीत पत्रा ठोकलेली एक फळी त्यांच्याकडं असायची. दारात उभं राहून तिच्यावर ऊन झेलायचं आणि कवडसा आत फेकायचा, म्हणजे पाहुण्यांना अंधारातली मूर्ती दिसायची. दिवसभर शिकलेल्या लोकांच्या मागं उभं राहून आबांच्या मनानं एकच घेतलं होतं. आपल्या लेकरांनी पुढं उभं राहून बोलायचं.

आमच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर एकच फोटो होता, निळ्या कोटातला, आणि त्याच्या खालच्या कोनाड्यात आमची शाळेची पुस्तकं. ज्या वर्षी आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, त्या वर्षापासून आमच्याकडं पूजा होती ती पुस्तकांचीच. पुस्तकाला पाय लागला तर आई पाठीत धपाटा घालायची. एरवी लेकरांवर हात न उचलणारी बाई. हे सगळं चांगलंच होतं, मी जी काही आहे ती त्यामुळंच आहे. पण ज्या घरात शिक्षण हाच धर्म, त्या घरात अभ्यास न जमणारं लेकरू म्हणजे जवळजवळ पापच. हे मला फार उशिरा समजलं.

आमच्या वस्तीत जयंतीला मुलांची भाषणं असतात. अजूनही असतात. विहारासमोर मांडव, लाउडस्पीकर, पहिल्या रांगेत म्हातारी मंडळी, आणि एकेक पोरगं माईकपुढं. ज्याचं लेकरू धडाधड बोलतं त्या बापाची मान वर्षभर ताठ. आक्का नऊ वर्षांची झाली तेव्हा आबांनी तिला भाषण लिहून दिलं. पंधरा दिवस ती ते म्हणत होती, झाडताना, पाणी भरताना, मला फणी फिरवताना. ऐकून ऐकून माझंही पाठ झालं. मी सहा वर्षांची.

त्या दिवशी आक्का माईकपुढं उभी राहिली आणि तिच्या तोंडातून आवाजच निघेना. ती वाकडी मान करून लाउडस्पीकरच्या कर्ण्याकडं बघत राहिली. खाली हशा सुरू झाला. आबांचं तोंड उतरलेलं मला दिसलं आणि ते मला बघवेना. मी उठले, वर चढले, तिला कोपरानं बाजूला सारलं आणि तिचं भाषण मी म्हणून टाकलं. शेवटच्या घोषणेसकट. मांडव टाळ्यांनी दणाणला. कुणीतरी म्हणालं, "बघा, कानामागून आली आणि तिखट झाली." आबांनी मला खांद्यावर घेतलं. आक्का अजून वरच, माईकच्या मागं उभी होती, आणि टाळ्या वाजवत होती.

आता मी हजारो मुलं पाहिलीत. आता मला सांगता येतं की आक्काला काय होत असावं. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही. तिला प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये वेळ लागायचा, खोल विहिरीतून पोहरा वर यायला लागतो तसा. तेवढा वेळ तिला कुणी दिला नाही. गुरुजींनी नाही, आबांनी नाही. आणि मी तर तिच्या शेजारीच असायचे, पोहरा वर यायच्या आत उत्तर देऊन मोकळी.

गुरुजींनी तिचं नाव "दगड" ठेवलं. सातवीत ती नापास झाली आणि आबांनी तिला शाळेतून काढलं. त्यांना राग आला नव्हता, ते रडले होते. त्याच वर्षी मी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तालुक्यात वर आले. बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात माझी एकच चूक झाली होती. आबांनी लेण्यांवर पेढे वाटले आणि पाहुण्यांना सांगत सुटले, "ही माझी हुशार लेक." शेजारी आक्का पेढ्यांचा पुडा धरून उभी होती. तिची ओळख कुणी करून दिली नाही.

तेव्हापासून आमच्यात वाटण्याच झाल्या. काम तिनं करायचं, बोलायचं मी. दुकानात गेलो तरी ती माझ्या कानात सांगायची आणि मी दुकानदाराला. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा तर कहरच झाला. त्यांनी विचारलं, "मुली, स्वयंपाक येतो का?" आक्का खाली मान घालून बसलेली, आणि दाराआडून मी म्हणाले, "सगळा येतो. पुरणपोळीसुद्धा." मुलाचा मामा हसत हसत म्हणाला, "लग्न लावायचं कुणाशी? नवरीशी का वकिलाशी?" सगळे खो खो हसले. आक्काही पदराआड हसली. मी चौदा वर्षांची, मला तर आकाश ठेंगणं झालं.

दाजी वाळूजच्या एका कारखान्यात लागले होते. लग्न होऊन आक्का बजाजनगरला गेली. पुढं त्यांनी तिथंच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. मी शिकले, बीएस्सी केलं, बीएड केलं, शहरात शाळेत लागले, पुंडलिकनगरात राहायला आले. म्हणजे प्रशिक्षणातल्या पाहुण्यांनी सांगितलं तसंच सगळं. हुशार मुलीला बरी नोकरी, बरी वस्ती.

आक्काचा रोज फोन. "बारके, काय करायलीस?" मी बारकी, कारण मी लहान. मग तिचे प्रश्न सुरू. लेकाच्या शाळेच्या फॉर्मवर सही कुठं करायची? गोळी जेवणाआधी का जेवणानंतर? दाजींना ताप आलाय, दवाखान्यात न्यायचं का उद्यापर्यंत बघायचं? मी म्हणायचे, "आक्का, डोकं आहे का खोकं? पाकिटावर लिहिलंय की." ती म्हणायची, "मला कुठं कळतंय गं, तू सांग." मी सांगायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. एका माणसाला आपल्यावाचून पाणी प्यायचंसुद्धा सुचत नाही, यात एक सुख असतं. ते वाईट सुख आहे, पण तेव्हा तसं वाटत नाही.

आबा आजारी पडले तेव्हाचं सांगते. त्यांना आक्कानं आपल्या घरी आणलं होतं, कारण माझी शाळा. रोज अंग पुसणं, खाऊ घालणं, भांडं देणं, सगळं तीच करायची. दवाखान्यात न्यायच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? मी म्हणाले, सोमवारपासून. आक्कानं मागून माझा पदर ओढला. मी म्हणाले, "थांब गं." डॉक्टरांनी विचारलं, लघवी कशी होते? आता हे मला कसं माहीत असणार. आक्का माझ्या कानाला लागली आणि कुजबुजली. मी तिचं बोलणं शुद्ध भाषेत डॉक्टरांना सांगितलं. मग पुढचा प्रश्न, पुन्हा तिची कुजबुज, पुन्हा मी. डॉक्टर शेवटी पेन खाली ठेवून हसले. म्हणाले, "अहो, त्यांनाच बोलू द्या की. माहिती तर त्यांच्याकडं आहे." आक्का इतकी घाबरली की माझ्या खुर्चीच्या मागंच लपली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ताप शनवारपासून हाय. आन् डोळे पिवळे दिसायलेत, ते तू सांगितलंच नाय." मी परत आत गेले आणि सांगितलं. डॉक्टरांनी टॉर्च लावून आबांचे डोळे पाहिले आणि औषध बदललं. त्या खेपेला आबा वाचले. घरी येऊन ते सगळ्यांना सांगत राहिले, बारकी होती म्हणून निभावलं. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. आक्कानंही केली नाही. तिला तर ते खरंच वाटत होतं.

आणि मग तो दिवाळीच्या आधीचा महिना.

आमच्या शाळेत शिष्यवृत्तीच्या जादा तासिका असतात. गणित आणि बुद्धिमत्ता हे दोन विषय माझ्याकडं. दर रविवारी सकाळी तीन तास. एके दिवशी संध्याकाळी आक्काचा फोन आला. म्हणाली, "बारके, मला कसंतरीच होतंय."

मी म्हणाले, "कसंतरी म्हणजे?"

"काय की. कसंतरीच."

मी वह्या तपासत होते. पोरांनी तेच तेच चुकवलेलं होतं आणि मी वैतागलेली होते. वर्गात पोरांशी बोलते त्याच आवाजात मी तिला म्हणाले, "आक्का, कसंतरी हे काही उत्तर झालं का? कुठं होतं, कधी होतं, किती वेळ राहतं? आधी नीट विचार कर आणि मग सांग."

मग ती म्हणाली, "व्हय. बघते." आणि फोन ठेवला.

तीन दिवसांनी तिचा परत फोन आला, नेमका मधल्या सुट्टीच्या शेवटी. "बारके, म्या बघितलं. जिन्यावर व्हतंय..." एवढं तिनं म्हणेपर्यंत घंटा झाली. आठवीचा वर्ग माझी वाट बघत होता, म्हणजे वाट कसली, बाकं डोक्यावर घेत होता. मी म्हणाले, "आक्का, ॲसिडिटी असणार. रात्रीचं हरभऱ्याच्या डाळीचं खाऊ नको. मी रविवारी येते, दोघी दवाखान्यात जाऊ. मी सांगते डॉक्टरांना." ती लगेच म्हणाली, "व्हय व्हय, तूच ये. तू सांग." तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखं वाटलं. मलाही बरं वाटलं.

त्या रविवारी जादा तासिका लांबली आणि मी गेले नाही. मधल्या वारी तिची सून तिला बळंच जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. संध्याकाळी आक्काचा फोन, आवाज खुशीतला. "डॉक्टर बी ॲसिडिटीच म्हणले, तू म्हणलीस तसंच." मी म्हणाले, "बघ. मी काय सांगितलं होतं?" हे वाक्य मी बोलले. ते परत घेता आलं असतं तर मी माझी सगळी प्रमाणपत्रं देऊन टाकली असती.

पुढचा रविवारही गेला. त्या दिवशी सराव परीक्षा ठेवली होती. एका मुलीला बुद्धिमत्तेत पैकीच्या पैकी पडले आणि मी दिवसभर हवेत होते. आक्काला फोन करून म्हणाले, "पुढच्या रविवारी नक्की." ती म्हणाली, "तुझं काम कर गं. मी काय पळून चाललेय?"

बुधवारी सकाळी मी प्रार्थनेच्या रांगा लावत होते. फोन वाजला, सुनेचा. आक्का भाजी घेऊन जिना चढत होती, दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून बसली आणि आडवी झाली. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा झटका. त्यांनी विचारलं, "आधी काही त्रास होता का?" दाजी माझ्याकडं बघायला लागले. लेक माझ्याकडं बघायला लागला. नेहमीप्रमाणं मीच उत्तर द्यायचं होतं. मी म्हणाले, "नाही. थोडी ॲसिडिटी होती."

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले. त्यानंतरच्या शनिवारी मी बजाजनगरला गेले. आक्काच्या साड्या वेगळ्या काढायच्या होत्या. दाजी बाहेर गॅलरीत बसून होते, लेक कामावर गेला होता. मी आणि सून, दोघीच आत. सून पैठणकडची, चोवीस-पंचवीस वर्षांची, अबोल. ती आक्काला आईच म्हणायची. मला ती जरा वचकून असते, हे मला माहीत आहे आणि इतकी वर्षं मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

साड्यांच्या घड्या घालता घालता मी तिला विचारलं, "तुला आईनं कधी सांगितलं होतं का गं, काय होत होतं ते?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "रोज सांगायच्या."

"काय?"

तिनं हातातली साडी मांडीवर ठेवली आणि सांगायला लागली. "दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या की छातीच्या मधोमध आवळल्यावानी व्हायचं. मग ते वर जबड्यात जायचं, खालच्या दातांपर्यंत. डावा हात जड पडायचा, बोटांपर्यंत नाय, कोपरापर्यंतच. थांबून बसल्या की पाच मिनिटांत जायचं. सपाटीवर चालताना नाय व्हायचं. जेवणाचा काही संबंध नव्हता, उपाशीपोटी बी व्हायचं. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, मग एक दिवसाआड झालं. त्या म्हणायच्या, ॲसिडिटी असती तर जेवल्यावर झाली असती ना गं."

मी ऐकत राहिले. कुठं होतं, कधी होतं, किती वेळ राहतं. मी तिला विचारलं होतं ते सगळं. त्याहूनही जास्त. मी पुस्तकातून हृदय शिकवते, त्याचे चार कप्पे फळ्यावर काढते. हे एवढं ऐकल्यावर मला नाही, आमच्या शाळेच्या शिपायालासुद्धा कळलं असतं. आणि ॲसिडिटी नाही हेही तिला कळलेलं होतं. फक्त मी म्हणाले म्हणून, आणि डॉक्टर म्हणाले म्हणून, तिनं ती मान्य केली होती. साडी कडेनं जुळेना.

"मग हे सगळं तिनं डॉक्टरांना का नाही सांगितलं? तू होतीस ना सोबत?"

"मी होते. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय मावशी? तर आई नुसत्या बघतच राहिल्या. मी हळूच म्हणलं, आई, सांगा ना. त्यांनी माझा हात दाबला. मग डॉक्टरांना म्हणल्या, कसंतरीच होतंय, माझी बहीण रविवारी यायलीय, ती बराबर सांगंल. ती शिकल्याली हाय." सुनेनं मांडीवरची साडी सारखी केली. "डॉक्टरांच्या दारात लई गर्दी होती. ते म्हणले, ठीक आहे, तोवर ह्या गोळ्या घ्या. ॲसिडिटीच्या."

म्हणजे गोळ्या मिळाल्यावरसुद्धा ती थांबली होती. रविवारची वाट बघत. एक रविवार आधीच गेला होता, मग दुसरा.

मला संताप आला. दुःख झालं की मला आधी संताप येतो, हा माझा जुना रोग आहे. आणि समोर ती एकटीच होती. मी तिच्यावर ओरडले, "पण तुला तर सगळं माहीत होतं! तुला तोंड नव्हतं? आईला नाही बोलता आलं, तर तू सांगायचंस डॉक्टरांना! निदान मला तरी एक फोन करायचास!"

गॅलरीतून दाजींची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण ते आत आले नाहीत. सून खाली बघत साडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. तिला उत्तर द्यायला वेळ लागत होता. मी तोंड उघडलं होतं पुन्हा काहीतरी बोलायला, आणि कसं कोण जाणे, या वेळी मिटलं. मी थांबले.

मग ती म्हणाली, "मी दहावी नापास हाय ना मावशी. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं सांगंल. तुम्ही येणारच होतात."